अकरा पस्तीसची खुर्ची

मागच्या अंकात एका वाचकांनी विचारलं होतं, "माई, थंडीत रजईत बसून बघण्यासारखं काही सुचवा." मी 'द लेट शिफ्ट' या १९९६च्या अमेरिकन टीव्ही-चित्रपटाचं नाव लिहिलं आणि एका ओळीत विषय सांगून मोकळी झाले: रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे दोन सूत्रसंचालक, जुने मित्र, एकाच खुर्चीसाठी हमरीतुमरीवर येतात. म्हटलं, आपल्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कोणाला त्याचं सोयरसुतक! पण पत्रं आली, फोन आले, बाड्याच्या चौकात एका बाईंनी भर गर्दीत मला दंडाला धरून थांबवलं आणि "तो कपाटात लपतो ते खरं का हो?" असं विचारलं. तेव्हा या महिन्यात लोणची, पथ्यपाणी आणि सुना बाजूला. ज्यांनी सुनांबद्दल लिहिलंय त्यांनी महिनाभर कळ काढावी, सुना कुठे पळून जात नाहीत.

माई, मुलीने चित्रपट लावून दिला, पण अर्ध्या तासात सूट घातलेली इतकी माणसं आली-गेली की कोण कोणाचा ते कळेना. भांडण नेमकं काय होतं? — एक वाचक, जनकगंज

सुटातली माणसं तूर्त सोडून द्या. तिघांना धरून बसा: जॉनी कार्सन, डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो.

कार्सनने एनबीसी वाहिनीवर 'द टुनाइट शो' १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत चालवला. जवळजवळ तीस वर्षं एकच माणूस रोज रात्री देशाला हसवून झोपवायचा. अकराच्या स्थानिक बातम्या संपल्या की तो पडदा सारून बाहेर यायचा, दिवसभरातल्या घडामोडींवर चार विनोद सांगायचा, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा. नव्या विनोदवीराला त्याने कार्यक्रम झाल्यावर आपल्या शेजारच्या कोचावर बोलावलं, की त्या पोराचं नशीब उघडलं असं सगळे धरून चालत.

लेटरमन १९८२ पासून कार्सनच्या लगेच मागचा कार्यक्रम करायचा, मध्यरात्रीनंतरचा. तिरकस, थोडा कडवट, तरुणांचा लाडका. लेनो १९८७ पासून कार्सनच्या सुट्टीत त्याच्या जागी बसायचा. दोघांची दोस्ती सत्तरच्या दशकातली, लॉस एंजेलिसमधल्या 'कॉमेडी स्टोअर' नावाच्या क्लबातली. गंमत अशी की लेनोचं नाव देशभर झालं ते बऱ्याच अंशी लेटरमनच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून वरचेवर गेल्यामुळे. म्हणजे घरात घेतलेल्या पाहुण्यानेच पुढे घरावर हक्क सांगितला.

मे १९९१मध्ये कार्सनने जाहीर केलं की वर्षभरात आपण थांबणार. लेटरमनला वाटत होतं की जागा आपोआप आपलीच. त्याने तोंड उघडून मागितलीच नाही. मला विचाराल तर चित्रपटातलं सगळं दुःख या एका न मागण्यात आहे. लेनोची व्यवस्थापक हेलन कुशनिक मात्र मागणाऱ्यांतली होती. तिने वाहिनीशी आतून बोलणी करून करार पक्का केला होता. लेनोला खुर्ची मिळाली, आणि कोणाला ते कळायच्या आत विषय संपलेलाही होता.

उरलेला अर्धा चित्रपट म्हणजे लेटरमनची घालमेल. मायकेल ओव्हिट्झ नावाचा हॉलिवूडचा बडा एजंट त्याची बाजू हातात घेतो आणि वाहिन्यांना दारात रांगेने उभं करतो. सीबीएस वर्षाला सुमारे १.४ कोटी डॉलर देऊ करते. मग एनबीसीच्या साहेबांना घाम फुटतो. १९९३च्या जानेवारीत ते लेटरमनला म्हणतात, टुनाइट शो तुलाच देतो, पण लेनोचा करार १९९४मध्ये संपला की. लेटरमन कार्सनला फोन लावतो: तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? कार्सन म्हणतो, मी निघून गेलो असतो. आणि लेटरमन निघून जातो. ३० ऑगस्ट १९९३ला सीबीएसवर, न्यूयॉर्कच्या एड सुलिव्हन थिएटरमधून, बरोबर अकरा पस्तीसला, लेनोच्या समोरासमोर त्याचा कार्यक्रम सुरू झाला.

सूट घातलेली बाकीची मंडळी म्हणजे 'आधीच मी म्हटलं होतं' असं म्हणणारे अधिकारी. ते आपल्याकडेही असतात, ओळखायला जड जाऊ नयेत.

बाई, आपण रेडिओवर होतात म्हणून विचारतो. रात्री साडेअकराला सज्जन माणूस झोपलेला असतो. त्या वेळेसाठी कोट्यवधी डॉलर आणि एवढी उरस्फोड? — एक ज्येष्ठ वाचक, दानाओली

अण्णा, तानसेन समारोहात डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, कानटोपी घालून, शेवटची चीज ऐकल्याशिवाय न उठणाऱ्या माणसाने हे विचारावं?

रात्रीच्या श्रोत्याची जात वेगळी. आमच्याकडे रेडिओवर सकाळच्या सभेच्या, म्हणजे सकाळच्या प्रसारणाच्या, उद्घोषिकेला सगळं गाव ओळखायचं, कारण सकाळी रेडिओ चालू असतो, ऐकत कोणीच नसतं. रात्रीच्या सभेला ऐकणारे थोडे, पण ते खरंच ऐकायचे. वसतिगृहातली मुलं, रात्रपाळीचे कामगार, बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. त्यांची पत्रं यायची ती आवाजाला उद्देशून. "काल तुमचा घसा बसला होता, आल्याचा रस घ्या," असं लिहिणारा माणूस दिवसाच्या कार्यक्रमाला मिळत नाही. अंथरुणात पडल्यावर ऐकलेला आवाज घरातला होतो. अमेरिकेतल्या वाहिन्यांनी हे ओळखलं आणि त्याच्यावर पैसा केला.

पैशाचं गणितही सोपं आहे. मालिका काढायची तर लेखक, नट, सेट, बाहेरची चित्रणं. इथे एक टेबल, एक कोच, एक वाद्यवृंद आणि विनोद लिहिणारी सातआठ डोकी. पाहुणे स्वतःच्या चित्रपटाचा गाजावाजा करायला आपल्या पायाने येतात. वर बघणाऱ्यांत तरुण जास्त, आणि जाहिरातदार तरुणांच्या मागे. कार्सनच्या काळात हा एक कार्यक्रम म्हणजे एनबीसीची दुभती गाय होती.

आणि वेळेचं म्हणाल, तर पाच मिनिटांचीही किंमत असते. आमच्या स्टुडिओत काचेच्या वर एक गोल घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा लाल. भाषण चाळीस सेकंद आधी संपलं तर तेवढ्यात बासरी सोडायची, आणि दहा सेकंद लांबलं तर बातम्यांच्या तोंडाशी वक्त्याचा आवाज हळूहळू खाली ओढायचा. प्राध्यापक असो की पुढारी, बातम्या कोणासाठी थांबत नाहीत. त्या खोलीत बसलेल्या माणसाला कळतं की कार्यक्रम आपला नसतो, वेळ वाहिनीची असते, आपण तिच्यात भाड्याने राहतो.

अकरा पस्तीस ही वेळ किती नाजूक, ते पुढे २०१०मध्ये पुन्हा दिसलं. लेनोनंतर कॉनन ओब्रायनला टुनाइट शो मिळाला होता, १ जून २००९ला. लेनोला हातचा घालवायचा नाही म्हणून एनबीसीने त्याला रोज रात्री दहाचा कार्यक्रम दिला. तो कार्यक्रम आपटला, आणि त्याच्यामागून लागणाऱ्या स्थानिक बातम्यांचे प्रेक्षक गळले. गावोगावची केंद्रं चवताळली. तेव्हा साहेबांनी तोड काढली: लेनोला अकरा पस्तीसला अर्धा तास, आणि टुनाइट शो बारा वाजून पाच मिनिटांनी. फक्त तीस मिनिटं सरकवायची होती! कॉनन म्हणाला, बारा पाचला होईल तो टुनाइट शो नव्हेच. त्याला आणि त्याच्या माणसांना मिळून सुमारे ४.५ कोटी डॉलर देऊन वाटेला लावावं लागलं. त्याचा शेवटचा भाग २२ जानेवारी २०१०ला झाला आणि १ मार्चला लेनो परत त्याच खुर्चीत.

तुमचं झोपेचं म्हणणं मात्र बरोबर आहे. तब्येतीला जपा.

लेनो एका बारक्या खोलीत लपून वाहिनीच्या अधिकाऱ्यांचं बोलणं ऐकतो, ते खरं की पिक्चरसाठी रचलेलं? — बी.ए.चा विद्यार्थी, कंपू

खरं. चित्रपट 'न्यूयॉर्क टाइम्स'चे वार्ताहर बिल कार्टर यांच्या पुस्तकावर बेतलाय आणि ही हकीगत त्यात आहे. लेनोनेही ती कधी नाकारली नाही. लेटरमनला ठेवायचं की लेनोला, याची चर्चा अधिकारी फोनवरून करणार होते. हा बाबा शेजारच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं आणि कोण आपल्या बाजूने बोलतंय, कोण विरुद्ध, ते कागदावर टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी ज्याचं बोलणं त्याच्याच तोंडावर फेकलं. अधिकारी चक्रावले, आपल्यातला फितूर कोण म्हणून एकमेकांकडे बघत बसले.

तू ग्वाल्हेरचा आहेस, तेव्हा हे ऐकून तुला आपल्या गावची गोष्ट आठवायला हवी होती. नसेल ऐकली तर आजोबांना विचार. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ होते, आणि त्यांच्या तानेला तोड नव्हती. आपली विद्या ते बाहेर जाऊ देत नसत. तेव्हा हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या तरुण भावांना पडद्याआड बसवून त्यांचं गाणं ऐकण्याची सोय करण्यात आली, असं सांगतात. महिनोन् महिने पोरं ऐकत राहिली. मग एके दिवशी भर दरबारात दोघांनी तीच गायकी खाँसाहेबांच्या समोर गाऊन दाखवली. खाँसाहेब संतापून दरबार सोडून गेले. पुढे त्याच चढाओढीत एक अवघड तान घेता घेता हस्सू खाँ गेले, अशी त्या आख्यायिकेची शेपटी आहे. माझ्या लहानपणी ही गोष्ट सांगणारे बुवा तानेच्या ठिकाणी थांबून पाणी प्यायचे, आणि आम्ही मुलं श्वास रोखून बसायचो. इतिहासाच्या कसोटीवर ती किती उतरते ते पंडितांनी बघावं. ग्वाल्हेर घराण्याचा पाया चोरून ऐकण्यात आहे, हे आमच्या गल्लीत कोणी लपवत नव्हतं.

पण दोन्हींत फरक आहे, आणि तो मला फार बोचतो. ती दोघं भावंडं विद्या ऐकायला लपली होती. लेनो स्वतःबद्दलचं मत ऐकायला लपला. चित्रपटात बघ, अंधाऱ्या खोलीत, गुडघे पोटाशी घेतल्यासारखा तो मोठा माणूस बसलाय, कोणी चांगलं बोललं की चेहरा उजळतो, वाईट बोललं की मान खाली. रोज लाखो लोक त्याला बघून हसतात आणि याला पाच साहेबांचं मत हवंय. डॅनियल रोबक या नटाने तो प्रसंग फार छान केलाय. मला लेनोचा राग यायला हवा होता, आला नाही.

सगळ्या पुरुषांनी वाटोळं केलं आणि चित्रपटात खलनायिका मात्र एक बाई! हे असंच का? — एक वाचक, माधवगंज

या पत्राची मी वाटच बघत होते.

कॅथी बेट्सने केलेली हेलन कुशनिक म्हणजे पडद्यावर वादळ आहे. फोन आपटते, शिव्या घालते, कोणालाही बाहेर काढते. या कामासाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं आणि ते योग्यच. आणि बाईने केलेल्या चुका खोट्या नव्हेत. लेनोच्या कार्यक्रमाची ती कार्यकारी निर्माती झाली आणि जो पाहुणा आधी दुसऱ्या वाहिनीवर गेला त्याला आपल्याकडे दारबंदी, असा तिने खाक्या ठेवला. पाहुण्यांवरून इतकी युद्धं पेटली की चार महिन्यांत, सप्टेंबर १९९२मध्ये, एनबीसीने तिला काढून टाकलं.

त्याहून मला खटकलेली गोष्ट वेगळी. कार्सनचा शेवटचा भाग शुक्रवारी, २२ मेला झाला. सोमवारी, २५ मेला लेनो त्याच मंचावर उभा राहिला आणि कार्सनचं नावसुद्धा त्याने घेतलं नाही. तीस वर्षं ज्याने ती जागा उबदार ठेवली, त्याला एक नमस्कार नाही! हा आदेश कुशनिकचा होता असं सांगतात. आपल्याकडे नारदीय कीर्तनात बुवा उभे राहिले की आधी गुरूला वंदन, मग पूर्वरंग. बुवा कितीही मोठे असोत, ते चुकत नाही. आमच्या स्टुडिओतसुद्धा आधीच्या पाळीचा माणूस कितीही नावडता असला तरी उठताना त्याला "चहा घेऊन जा" म्हटलं जायचं. आपल्याच्याने बोलवत नसेल तर शिपायाकरवी.

पण आता दुसरी बाजू. याच कुशनिकबाईंचा लहानगा मुलगा रक्त चढवताना झालेल्या संसर्गाने, एड्सने गेला होता. काही वर्षांनी नवरा कर्करोगाने गेला, तोही तिच्या बरोबरीने लेनोचं काम बघायचा. राहिली ती, एक मुलगी आणि लेनोची कारकीर्द. या दुःखाने माणसाला वाईट वागायचा परवाना मिळत नाही, पण एवढी घट्ट मूठ कुठून आली असेल ते तरी समजतं. चित्रपट दाखवला गेला फेब्रुवारी १९९६मध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती स्वतः कर्करोगाने वारली.

आणि आता ओव्हिट्झकडे बघा. तो काय वेगळं करतो? तोही धमक्या देतो, लोकांना खेळवतो, करारातल्या फटी शोधतो. फक्त आवाज चढवत नाही. जपून बोलणारा पुरुष मुत्सद्दी ठरतो, आणि तेच काम ओरडून करणारी बाई कजाग. दिग्दर्शिका बेटी थॉमस ही स्वतः बाई आहे, त्यामुळे मला वाटतं तिने हे बघून-समजून केलंय: कुशनिकला हाकलल्यावर चित्रपटातले पुरुष सुटकेचा श्वास टाकतात, आणि पुढच्याच प्रसंगांत तिच्याइतकेच खोटं बोलतात. पण तो भाग प्रेक्षकाने स्वतः ताडायचा असतो, आणि रात्री दोन घास खाऊन बसलेला प्रेक्षक ताडत नाही. त्याच्या डोक्यात ओरडणारी बाई राहते. तेव्हा तुमची तक्रार मला मान्य.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे तुमच्या महिला मंडळाच्या सचिवांबद्दल, मी छापून काही लिहिणार नाही. भेटा.

नट हुबेहूब दिसतात का? — शिंदे की छावणी

लेटरमन झालेला जॉन मायकेल हिगिन्स चालण्या-हसण्यात बरोबर, पण खऱ्या लेटरमनला ते काम मुळीच आवडलं नव्हतं. रिच लिटल हा मुळात नकलाकार, त्याने कार्सनचा आवाज चोख काढलाय. लेनोच्या हनुवटीला रंगभूषाकारांनी भरपूर माती लावलेली दिसते.

आपल्याकडे असं युद्ध कधी झालं नाही, कारण आपली संस्कृती वेगळी. बरोबर ना? — नई सडक

नाही हो, संस्कृती कशाला मध्ये आणता! वाहिनी एकच होती. तबस्सुम यांनी दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ ते १९९३ चालवला, कार्सनसारखाच लांब पल्ला. त्यांच्यासमोर उभं राहायला दुसरी वाहिनी होती कुठे? खासगी वाहिन्या आल्या आणि १९९७मध्ये सोनीवर शेखर सुमन यांचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' आला, तो सरळसरळ लेनोच्या धाटणीचा: उभ्याने विनोद, मग टेबल, मग पाहुणा, बाजूला वाद्यवृंद. आमच्या घरी तो बघण्यावरून भांडणं झाली, कारण त्यात पुढाऱ्यांची टिंगल असायची आणि आमच्याकडे दोन पक्षांची माणसं एका ताटात जेवायची. भांडण लागायला दोन खुर्च्या आणि एक वेळ लागते, बाकी काही नाही.

शेवटी जिंकलं कोण, लेटरमन की लेनो? मी आणि माझ्या भावाने पैज लावलीय. — लोहिया बाजार

पैजेची रक्कम लिहिली नाहीत, तेव्हा फार नसावी. पहिली जवळजवळ दोन वर्षं लेटरमन पुढे होता. मग जुलै १९९५मध्ये ह्यू ग्रँट हा इंग्लिश नट, नुकताच एका लाजिरवाण्या प्रकरणात पोलिसांच्या हाती सापडलेला, ठरल्याप्रमाणे लेनोकडे आला. लेनोने पहिलाच प्रश्न असा विचारला की तुझ्या डोक्यात होतं तरी काय? त्या रात्रीपासून पारडं फिरलं आणि पुढे बहुतेक वर्षं प्रेक्षकसंख्येत लेनोच वरचढ राहिला. म्हणजे चित्रपट लोकांनी पाहिला तेव्हा त्यातला हरणारा जिंकायला लागला होता.

आकड्यांवर पैज असेल तर भावाला पैसे द्या. पण थांबा, लेटरमनला मुळात हवं काय होतं? खुर्ची हे निमित्त. त्याला कार्सनने 'हा माझ्यामागचा' म्हणायला हवं होतं. कार्सन निवृत्तीनंतर फारसा कुठे दिसलाच नाही. लेनोच्या टुनाइट शोमध्ये तर तो एकदाही गेला नाही. १९९४मध्ये मात्र लेटरमनच्या मंचावर अचानक आला, त्याच्या टेबलामागच्या खुर्चीत क्षणभर बसला, टाळ्या थांबेनात, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. पुढे तो घरी बसल्या बसल्या विनोद लिहून लेटरमनला पाठवायचा, आणि लेटरमन ते आपल्या कार्यक्रमात सांगायचा, कोणाचे ते न सांगता. २३ जानेवारी २००५ला कार्सन गेला. त्यानंतर लेटरमनने एका रात्री नेहमीसारखे उभ्याने विनोद सांगितले, लोक हसले, आणि मग त्याने सांगितलं की आजचे सगळे विनोद जॉनीचे होते.

टुनाइट शो लेनोला मिळाला. गादी कोणाला मिळाली, ते आपल्या गावात मला कोणी विचारू नये. घराण्यांच्या गावात राहतो आपण. पैज अर्धी-अर्धी करा.

माई, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली काही वर्षं निवेदन मी करतो. मागच्या वर्षी मला ताप आला म्हणून मीच माझ्या मित्राला माईक दिला. यंदा कमिटीने परस्पर त्यालाच काम दिलं. मला म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." मित्र फोन उचलत नाही. चित्रपट बघितल्यापासून झोप नाही. काय करू? — मुरार

आधी झोप. मग कमिटीचं वाक्य पुन्हा वाच. 'पुढच्या वर्षी बघू' हेच एनबीसीने लेटरमनला सांगितलं होतं, फक्त त्यांनी साल लिहून दिलं होतं. तुझ्या कमिटीने तेही दिलेलं नाही. कार्सनने काय सल्ला दिला ते वर लिहिलंच आहे.

पण निघून जायचं म्हणजे रुसून घरी बसायचं नाही. लेटरमन दुसरीकडे जाऊन उभा राहिला. गणपतीचे दिवस कमिटीचे, कोजागिरी कोणाचीच नाही. तुमच्या कॉलनीत गच्ची आहे ना? मग कोजागिरीची रात्र तू घे. नऊला सुरू कर, चंद्र नीट वर आला की दूध वाटायचं, त्याच्या आधी नाही, नाहीतर लोक पेला संपवून घरी जातात. पहिली दहा मिनिटं तू एकट्याने उभं राहून बोल, कॉलनीतल्या घडामोडींवर. वर्गणी, पाण्याचा टँकर, कोणाच्या दारात कोणाची स्कूटर. नावं घेऊ नकोस, सगळ्यांना कळतं. मग एकेकाला खुर्चीवर बोलाव. पाहुणे नामवंत लागत नाहीत. कॉलनीत एक तरी निवृत्त स्टेशनमास्तर असतो, एक तरी आजी असते जिने महाराजांची स्वारी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यांना तीन प्रश्न विचार आणि गप्प बस. गप्प बसणं हेच यातलं खरं कसब. कार्सनची सगळी जादू समोरचा बोलत असताना त्याच्याकडे बघण्यात होती.

मित्राचं म्हणशील तर त्याला फोन करत बसू नकोस, पण गावभर त्याची निंदाही करू नकोस. लेटरमनने लेनोवर वर्षानुवर्षं शेरेबाजी केली, लोक हसले, आणि दोघांचं बोलणं जवळजवळ बंदच राहिलं. २०१०मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी लागणाऱ्या एका जाहिरातीसाठी दोघं एका कोचावर बसले, मध्ये ओप्रा विन्फ्री. कोणाला कळू नये म्हणून लेनो वेश पालटून तिथे आला होता. पंधरा सेकंदांच्या जाहिरातीला ही दोस्ती उरली. तुम्हा दोघांना मुरारहून लश्करला एकाच टेम्पोतून जायचं असतं, तुम्हाला ते परवडणार नाही.

आणि काही कामाच्या गोष्टी. कागद हातात धरू नकोस, पानं उलटल्याचा आवाज माईक टिपतो. पुठ्ठ्याच्या छोट्या कार्डांवर लिही आणि ती टेबलावर ठेव. माईक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. तपासताना फुंकायचा नाही, टिचक्या मारायच्या नाहीत, "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" तर अजिबात नाही. नेहमीच्या आवाजात एक साधं वाक्य बोलायचं. तुझा मित्र फुंकतो. मागच्या वर्षी मी तिथेच होते, पहिल्या रांगेत.